सोनापूरच्या भिंतीला पाडलेली भोकं : चार्ल्स फोर्जेट आणि १८५७ची मुंबई

१८५७च्या पावसाळ्यात मुंबई बेटावर गोरं पायदळ होतं ४००च्या आसपास आणि देशी शिपायांच्या पलटणी होत्या तीन : दहावी, अकरावी आणि मरीन बटालियन. मे महिन्यात मीरत पेटलं, दिल्ली गेली आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने हाताशी असलेली गोरी फौज भराभर बाहेर काढली. इराणच्या मोहिमेवरून नुकत्याच परतलेल्या ६४व्या आणि ७८व्या पलटणीला बंदरातूनच कलकत्त्याकडे वळवलं. दुसरी तुकडी माळव्याच्या वाटेला लावली. उत्तर वाचवायची तर मुंबई उघडी पडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि तरीही त्याने तो निर्णय घेतला.

मागे उरलेलं शहर साधंसुधं नव्हतं. १८४९च्या मोजणीत बेटाची वस्ती साडेपाच लाखांच्या वर भरली होती. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावू लागून चार वर्षं झाली होती. जगन्नाथ शंकरशेट, नवरोजी फर्दुनजी, दादाभाई नवरोजी, डॉ. भाऊ दाजी यांच्या पुढाकाराने १८५२मध्ये स्थापन झालेली बॉम्बे असोसिएशन इंग्लंडच्या पार्लमेंटकडे अर्ज करत होती. त्याच पावसाळ्यात, १८ जुलैला, मुंबई विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३१ जुलैच्या रात्री, कोल्हापुरात २७वी पलटण उठली. साताऱ्यात रंगो बापूजींनी इंग्रजांविरुद्ध रचलेल्या कटाचा तपास सुरू होता. ८ सप्टेंबरला तिथे १७ जणांना देहदंड झाला. घाटावरची बातमी मुंबईत पोचायला फार दिवस लागत नव्हते. व्यापारी पेढ्या बंद करून माणसं कोकणात पाठवावीत का, याची कुजबुज सुरू झाली होती.

अशा शहराची जबाबदारी ज्याच्या अंगावर येऊन पडली तो पोलिसांचा डेप्युटी कमिशनर म्हणजे चार्ल्स फोर्जेट. ताडदेवच्या एका रस्त्याला आजही त्याचं नाव आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो मुंबईकरांना हा माणूस कोण होता हे ठाऊक नाही, आणि इंग्रजी इतिहासकारांनी त्याच्याबद्दल जे लिहून ठेवलं ते इतकं भारावून लिहिलं आहे, की त्यातून माणूस वेगळा काढणं अवघड होऊन बसतं. हा लेख तेवढ्यासाठी.

फोर्जेट विलायतेहून आलेला अधिकारी नव्हता. तो हिंदुस्थानात जन्मला, इथेच वाढला. बाप मद्रासच्या तोफखान्यातला, टिपू सुलतान पडला त्या १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत असलेला. घराण्यात युरोपीय आणि देशी रक्त मिसळलेलं होतं. अशा लोकांना तेव्हा युरेशियन म्हणत आणि कंपनीच्या नोकरीत त्यांच्या वाटा फार वरपर्यंत जात नसत. फोर्जेट खालून वर आला. आधी पुणे भागात मोजणी खात्यात, मग मराठी आणि हिंदुस्थानीचा सरकारी भाषांतरकार, मग पुण्याच्या पोलिसांत, मग बेळगाव आणि दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखात पोलीसप्रमुख आणि असिस्टंट मॅजिस्ट्रेट. बेळगावकडे दरोडेखोरांच्या टोळ्या मोडण्यात त्याने नाव कमावलं. टोळी कुठल्या गावात उतरते, कोणाच्या खळ्यावर माल दडवते, कोणता पाटील डोळेझाक करतो, हे त्याला कळे, कारण तो देशी कपडे घालून त्या लोकांत जाऊन बसत असे आणि त्याच्या बोलण्यावरून कोणालाच संशय येत नसे.

वेषांतराच्या त्याच्या कथा पुष्कळ आहेत. लॉर्ड एल्फिन्स्टनने म्हणे त्याला आव्हान दिलं की परळच्या गव्हर्नर हाउसवरचे पहारे चुकवून माझ्या निजायच्या खोलीपर्यंत येऊन दाखव. आणि सकाळी गव्हर्नर पाहतो तर झाडूवाल्याच्या वेषात फोर्जेट उभा. ही आख्यायिकाच म्हणायची. पण ती पसरली आणि टिकली, याला महत्त्व आहे. या माणसाची सत्ता त्याच्या हुद्द्यात कमी आणि त्याच्याविषयी पसरलेल्या गोष्टींत जास्त होती. बाजारात शेजारी उभा असलेला फकीर, हमाल किंवा भय्या हा कदाचित फोर्जेट असेल, ही शंका एकदा लोकांच्या मनात बसली की प्रत्येक गल्लीत पोलीस ठेवावा लागत नाही.

१८५५मध्ये तो मुंबईत आला तेव्हा शहराचे पोलीस बदनाम होते. शिपायाचा पगार तुटपुंजा, लाच हे उत्पन्नाचं साधन, चोर आणि चोरपकडे यांच्यात देवघेव. चार वर्षांपूर्वी, १८५१च्या ऑक्टोबरात, एका पारशी मालकीच्या गुजराती पत्रात पैगंबरांचं चित्र छापलं गेलं आणि त्यावरून मुसलमान आणि पारशी यांच्यात दंगल उसळली. त्या दंगलीत पोलिसांचा दुबळेपणा उघडा पडला होता, आणि पारशी व गुजराती व्यापारी ते विसरले नव्हते. १८५६च्या १३व्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही शहरांच्या पोलिसांची नवी बांधणी झाली. कागदावर कमिशनर म्हणजे वरिष्ठ मॅजिस्ट्रेट. रस्त्यावरचा कारभार फोर्जेटचा. त्याने हाताखालच्या लोकांना वठणीवर आणलं, लाचखोर हुडकून काढले आणि गव्हर्नरचा विश्वास मिळवला. पुढे जे घडलं ते या विश्वासाशिवाय घडलंच नसतं.

ऑगस्ट उजाडला. त्या साली मोहरम आणि भाद्रपद एकाच पंधरवड्यात आले होते. घरोघरी गणपती, मोहल्ल्यांत ताबूत. मुंबईचा मोहरम एरवीही मोठा. रात्री टोळ्या, मशाली, ढोल, हजारोंची गर्दी. गोऱ्या वस्तीला वाटे की दंगा होणार तर या दहा दिवसांत आणि तो मुसलमान मोहल्ल्यांतून. लष्करप्रमुख ब्रिगेडिअर शॉर्टचाही हाच अंदाज होता. त्याची योजना अशी, की गोरे सैनिक आणि गोरे पोलीस लहान लहान तुकड्यांत शहरभर वाटून टाकायचे, म्हणजे कुठेही काही झालं तर जवळची तुकडी धावेल.

फोर्जेटला हे पटलं नाही. त्याच्या मते शहरातले मुसलमान आपण होऊन उठणार नव्हते. धोका होता तो शिपायांच्या बराकींत. मोहल्ल्यांत कोणी उठलं तरी ते शिपायांनी पहिलं पाऊल टाकल्यावरच. तेव्हा हाताशी असलेलं मूठभर बळ विखरून टाकण्यापेक्षा एका जागी राखावं आणि शिपायांच्या लाइनींवर नजर ठेवावी. गव्हर्नरला त्याचं म्हणणं पटलं, पण लष्करी प्रमुखाने ठरवलेली व्यवस्था मोडायला तो तयार नव्हता. तेव्हा फोर्जेटने सांगून टाकलं की मी हुकूम मोडणार. एल्फिन्स्टनने त्याला बजावलं की हुकूम मोडणं जोखमीचं असतं, पण तुम्ही अविचार करणार नाही याची मला खात्री आहे. कंपनी सरकारच्या शिस्तीत अशी परवानगी क्वचितच कोणाला मिळाली असेल.

या मतभेदाकडे त्या काळच्या लेखकांनी लष्कर विरुद्ध पोलीस असा मानापमानाचा प्रसंग म्हणून पाहिलं. मला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते. शॉर्टच्या योजनेत शत्रू आधीच ठरलेला होता : मुसलमान रयत. ताबुतांच्या रात्री घाबरलेल्या गोऱ्या सैनिकांच्या छोट्या तुकड्या भेंडीबाजारासारख्या गच्च वस्तीत उभ्या राहिल्या असत्या, कुठेतरी धक्काबुक्की झाली असती, कोणीतरी गोळी झाडली असती, आणि मग काय झालं असतं हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. फोर्जेटला ती वस्ती ठाऊक होती. कोण नुसतं बोलतं आणि कोण करतं, हे त्याला कळत होतं. त्याच्या कारकिर्दीतल्या अनेक कृत्यांबद्दल पुढे मी कठोर लिहिणार आहे, पण मोहरमच्या त्या रात्री मोहल्ल्यांत रक्त सांडलं नाही याचं श्रेय त्याला द्यावंच लागेल.

ठिणगी भलतीकडेच पडली. मोहरम संपण्याच्या सुमारास एका रात्री दहाव्या पलटणीतला एक ख्रिस्ती ढोलवाला दारूच्या नशेत एका हिंदू मिरवणुकीत घुसला, शिवीगाळ केली आणि मूर्ती पाडली. दोन हिंदू पोलिसांनी त्याला पकडून चौकीत घातलं. हे कळताच त्याच्या पलटणीतले शिपाई धावून आले, चौकी फोडली, त्याला सोडवलं आणि त्या दोन पोलिसांनाच धरून आपल्या लाइनीत नेलं. गोरे पोलीस त्यांना सोडवायला गेले तर त्यांच्यावरही मार पडला. एका दारुड्याच्या धिंगाण्यातून शिपाई आणि पोलीस समोरासमोर आले होते.

फोर्जेटला निरोप पोचला तेव्हा त्याने आपल्या गोऱ्या घोडेस्वार पोलिसांना मागाहून यायला सांगितलं आणि स्वतः एकटाच घोडा फेकत लाइनीवर गेला. तिथे शिपाई बाहेर पडण्याच्या बेतात होते आणि त्यांचे गोरे अधिकारी तलवारी उपसून त्यांना थोपवत होते. फोर्जेटला पाहताच शिपाई जास्तच खवळले. अधिकाऱ्यांनी त्याला कळवळून सांगितलं, की तुम्ही निघून जा, तुम्हाला पाहूनच हे बिथरतात. तो हलला नाही. यांना काही करायचंच असेल तर ते जितक्या लवकर होऊन जाईल तितकं बरं, असा त्याचा जबाब. तेवढ्यात त्याचा सहायक ५५ गोरे स्वार घेऊन पोचला. फोर्जेटने दरवाजे उघडा म्हणून आरोळी दिली, मी तयार आहे म्हणाला. शिपाई मागे सरले. त्या रात्री मुंबईत बंड झालं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांतला फोर्जेट मात्र वेगळा दिसतो. रात्री तो वेष पालटून शहरात फिरे. दुकानाच्या फळीवर, धर्मशाळेत, दारूच्या गुत्त्यात जो कोणी इंग्रजांच्या पराभवाबद्दल समाधान बोलून दाखवील त्याला शिटी वाजवून जागच्या जागी पकडायचं, असा खाक्या. यात वॉरंट नाही, साक्षीदार नाही. बोलणं हाच गुन्हा आणि ऐकणारा तोच पकडणारा. पोलीस कचेरीच्या आवारात त्याने फाशीचा खांब उभा केला. ज्यांच्याबद्दल संशय होता अशा शहरातल्या प्रमुख माणसांना तिथे बोलावून घेतलं, खांबाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की तुमच्यातल्या कोणी काही बेत केल्याची नुसती कुणकुण लागली तरी इथे लटकवीन. इंग्रज लेखकांनी हा प्रसंग कौतुकाने सांगितला आहे. खटला चालवण्याआधीच फाशीचा खांब दाखवणारा अधिकारी हा कायद्याचा माणूस राहत नाही, हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनाला शिवलेलं दिसत नाही.

संशयाची लाट किती वरपर्यंत गेली होती याचं एक उदाहरण पुरे. जगन्नाथ शंकरशेट म्हणजे मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे आधारस्तंभ, शाळा, रेल्वे, असोसिएशन या सगळ्यांत अग्रभागी असलेले. त्यांचंही नाव बंडवाल्यांशी जोडलं गेलं. गुप्तपणे चौकशी झाली आणि त्यातून काहीही निष्पन्न झालं नाही. पण शंकरशेटांसारख्या माणसावर हा प्रसंग येत असेल, तर गिरगाव-भुलेश्वरातल्या सामान्य माणसाने त्या दिवसांत तोंड उघडलं असेल का, याचा विचार करावा.

मोहरम निघून गेल्यावर गोऱ्या मुंबईने सुटकेचा श्वास टाकला. फोर्जेटने टाकला नाही. शिपाई कुठेतरी जमतात, बोलतात, हे त्याला कळलं होतं, पण त्या बैठकीत बाहेरच्याला प्रवेश नव्हता. त्याने पाठवलेले हेर दारावरूनच परत आले. अखेर जागेचा पत्ता लागला : सोनापूर, म्हणजे आजच्या मरीन लाइन्सजवळच्या चंदनवाडीचा भाग. तिथे गंगाप्रसाद नावाच्या माणसाचं घर होतं. फोर्जेटने गंगाप्रसादला रातोरात उचलून आणलं. पोलीस कचेरीत त्याने सगळं सांगितलं. त्याला काय दाखवून, काय बोलून तोंड उघडायला लावलं, याबद्दल हकीगतींत एखादा गुळगुळीत शब्द येतो आणि कथा पुढे सरकते. आवारातला तो खांब लक्षात घेतला म्हणजे पुढचं आपण समजू शकतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोर्जेट वेष पालटून त्या घरात शिरला आणि बाजूच्या खोलीत लपला. मधल्या भिंतीला बारीक भोकं पाडली होती. त्यातून त्याने पाहिलं, ऐकलं. पण पोलीस अधिकाऱ्याच्या शब्दावर लष्कर विश्वास ठेवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. देशी शिपायांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवर अढळ विश्वास असे. मीरत, कानपूर सगळीकडे हेच झालं होतं. म्हणून त्याने मरीन बटालियनचा प्रमुख बॅरो याला बरोबर नेलं. भिंतीच्या भोकाला डोळा लावल्यावर बॅरोला आपल्याच पलटणीतले ओळखीचे चेहरे दिसले आणि तो हादरला. यानंतर लष्कराला नाकारता येईना. फोर्जेटचे हेर लष्करी लाइनींत फिरतात याचा राग आजवर बाळगणाऱ्या शॉर्टलाही हार मानावी लागली.

भिंतीपलीकडे जे ठरत होतं ते असं सांगितलं जातं : आधी उठाव मोहरममध्ये व्हायचा होता, तो हुकला, आता दिवाळीत करायचा. दिव्यांच्या गर्दीत शहर गाफील असताना गोऱ्यांना मारायचं, शहर लुटायचं आणि बेटाबाहेर पडायचं. हा तपशील आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः फोर्जेटच्या तोंडून, त्याने सुमारे २० वर्षांनी इंग्लंडात बसून लिहिलेल्या पुस्तकातून आणि त्याच्या सांगण्यावर विसंबलेल्या इतिहासकारांच्या ग्रंथांतून. म्हणून ‘लूट’ हा शब्द मी जसाच्या तसा स्वीकारत नाही. बेटाबाहेर पडून हे शिपाई जाणार कुठे होते? मुंबईच्या पलटणींत अवध आणि आसपासच्या मुलखातून आलेले परदेशी शिपाई पुष्कळ होते आणि अवधचं राज्य कंपनीने वर्षभरापूर्वीच खालसा केलं होतं. त्यांच्या भाऊबंदांची गावं त्या वेळी जळत होती. नुसत्या दागिन्यांच्या पेटीसाठी कोणी सैनिक तोफेच्या तोंडी जाण्याची जोखीम घेत नाही. बेत होता याबद्दल मला शंका नाही, बॅरोची साक्ष सहज झटकून टाकता येणार नाही. पण त्या बेतामागचा हेतू आपल्याला पकडणाऱ्याने सांगितला आहे, पकडल्या गेलेल्यांनी नव्हे.

पकडापकड झाली, लष्करी न्यायालय बसलं. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा झाली. सहा जणांना जन्मठेप, काळं पाणी. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आज आझाद मैदान आणि क्रॉस मैदान आहेत त्या मोकळ्या पट्ट्यात, फौज चौकोनात उभी केली गेली. देशी पलटणींना मुद्दाम हजर ठेवलं होतं. बाहेर लोकांची गर्दी. दिवाळी दोन दिवसांवर आली होती.

त्या गर्दीत १३ वर्षांचा एक पारशी विद्यार्थी होता : दिनशा वाच्छा, पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले. म्हातारपणी त्यांनी मुंबईच्या आठवणी लिहिल्या त्यात हा प्रसंग आहे. शाळेतून मुलं पळत मैदानावर गेली, दोघांना तोफांना बांधलेलं पाहिलं, बत्ती लागली आणि जळलेल्या मांसाचा वास हवेत पसरला. साठ वर्षांनंतरही तो वास त्यांच्या स्मरणातून गेला नव्हता. तोफेच्या तोंडी देण्याची रीत इंग्रजांनी शोधलेली नव्हती, मोगल आणि मराठी राज्यांतही ती होती. पण हिंदू असो वा मुसलमान, त्याच्या देहाचा अंत्यविधीच होऊ नये, मेल्यावरही तो आपल्या माणसांकडे परत जाऊ नये, याचा पूर्ण हिशेब करून ती १८५७मध्ये वापरली गेली. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांचं दफन नाही, दहन नाही. मुंबईतल्या १८५७चा बळी म्हणून नावानिशी आपल्याला जी माणसं ठाऊक आहेत ती ही दोन.

मुंबई शांत राहिली आणि फोर्जेट शहराचा तारणहार ठरला. एका माणसाने मुंबई वाचवली, असा सूर इंग्रजी इतिहासांत रूढ झाला. त्यात एल्फिन्स्टनच्या शांत डोक्याचा, बॉम्बे असोसिएशनच्या पुढाऱ्यांनी दाखवलेल्या निष्ठेचा आणि मुंबईच्या पलटणींत बंगालपेक्षा जातीपातींची सरमिसळ अधिक होती याचा वाटा पुसट झाला. पण शहराच्या धनिकांना फोर्जेटबद्दल जे वाटलं ते खरं होतं, आणि त्यांनी ते पैशात व्यक्त केलं. देशी आणि युरोपीय रहिवाशांनी १३०० पौंडांची थैली दिली. तो निवृत्त होऊन गेल्यावर कापसाच्या देशी व्यापाऱ्यांनी आणखी १५०० पौंड पाठवले. त्यासोबतच्या कृतज्ञतेच्या शब्दांत त्याच्या जवळपास अनियंत्रित म्हणाव्या अशा सत्तेची स्तुती होती. त्या सत्तेमुळे देशी समाजातल्या स्फोटक शक्ती जणू कायमच्या दबल्या आहेत, असं त्यांना वाटत होतं. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या संचालकांनी त्याच्या नावे शेअर ठेवले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेअरबाजार वेडा झाला होता, आणि त्या मोजक्या शेअरच्या विक्रीतून १३ हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. १८६५च्या जुलैमध्ये तो बाजार कोसळला तेव्हा मुंबईतली शेकडो घराणी धुळीला मिळाली. फोर्जेटचा पैसा त्याआधीच हाती आला होता.

या पैशाबद्दल त्या काळी फारसं कोणी वाईट बोललं नाही. मला मात्र हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो. ज्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या त्याने राखल्या त्यांनीच त्याला श्रीमंत केलं. पोलीस कोणासाठी असतात, या प्रश्नाला मुंबईने तेव्हा दिलेलं उत्तर या आकड्यांत लिहिलेलं आहे. दंगलीत दुकान जळालेल्या पारशाला किंवा गुजराती शेटजींना पोलिसाबद्दल कृतज्ञता वाटावी, यात गैर काही नाही. पण फाशीच्या खांबाखाली उभं केलेल्या माणसांना, शिटी वाजताच उचलल्या गेलेल्या बोलघेवड्यांना जे वाटलं त्याची थैली कोणी भरली नाही आणि त्याचं मानपत्रही कोणी लिहिलं नाही.

फोर्जेटची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. किल्ल्याच्या आतला कॉटन ग्रीन म्हणजे केरकचऱ्याने भरलेली उकिरड्यासारखी जागा होती. तिथे गोलाकार बाग आणि भोवती एकसारख्या इमारती उभाराव्यात, ही कल्पना त्याची. एल्फिन्स्टनने ती उचलून धरली, नंतरचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने मंजुरी दिली, जागा विकत घेऊन तिचे भाग इमारतींसाठी विकले गेले आणि १८७०च्या दशकाच्या आरंभी एल्फिन्स्टन सर्कल पुरं झालं. आज ते हॉर्निमन सर्कल आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या ज्या संपादकाला सरकारने १९१९मध्ये हद्दपार केलं त्याच्या नावाचं. मुंबईतल्या सर्वांत देखण्या चौकाची कल्पना एका पोलीस अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाली, हे विसरू नये.

गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ छापून निघालं त्याच १८६३मध्ये फोर्जेटची मुंबईतली कारकीर्द संपली. इंग्लंडात ह्यूएन्डनजवळ त्याने घर केलं आणि त्याला आपले पारशी मित्र कावसजी जहांगीर रेडीमनी यांचं नाव दिलं. ‘सर’ ही पदवी त्याला मिळाली नाही. त्याच्यामागून कमिशनर झालेला फ्रँक साउटर मात्र सर फ्रँक झाला. ज्या माणसाला इंग्रज इतिहासकार मुंबईचा तारणहार म्हणत होते त्याला राजदरबारातून एवढीही पावती मिळू नये, यात त्याच्या जन्माचा भाग असावा असं मला वाटतं. हिंदुस्थानात वाढलेला, देशी भाषा घरच्यासारखी बोलणारा, देशी कपड्यांत सहज मिसळणारा. ज्या गुणांमुळे तो उपयोगी पडला त्याच गुणांमुळे तो त्यांच्यापैकी पुरता एक कधी झाला नसावा. निवृत्तीत त्याने जे पुस्तक लिहिलं त्यात हिंदुस्थानातला खरा धोका कुठे आहे हे राज्यकर्त्यांना सांगण्याची तळमळ आहे आणि सोनापूरची हकीगतही आहे. १८९०मध्ये तो वारला.

त्याने मागे ठेवलेली व्यवस्था मुंबईत रुजली. १८६०च्या दशकात पोलीस कमिशनर हे पद स्वतंत्र आणि बळकट झालं. साउटरने ते १८८८पर्यंत सांभाळलं. शहराच्या पोलिसांनी चोर पकडण्याबरोबर लोकांच्या मनात काय चाललं आहे याचाही माग ठेवायचा, हेही फोर्जेटच्या काळापासून गृहीत धरलं गेलं. पुढच्या पिढ्यांत सभा, वर्तमानपत्रं, मेळे यांवर नजर ठेवणाऱ्या खबऱ्यांची परंपरा या मुळावरच वाढली. कापूस व्यापाऱ्यांना जे कायमचं दबलं आहे असं वाटलं होतं ते मात्र दबलं नव्हतं. १८७४च्या फेब्रुवारीत पारशी आणि मुसलमान यांच्यात पुन्हा दंगल झाली. अग्यारींवर आणि घरांवर हल्ले झाले, पोलीस वेळेवर पोचले नाहीत म्हणून पारशी पुढाऱ्यांनी साउटरला धारेवर धरलं आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. १८९३च्या ऑगस्टात हिंदू-मुसलमान दंगलीने शहर कित्येक दिवस बंद पडलं, तेव्हाही रस्त्यावर सैन्य आणूनच ते थांबलं.